बेंजो चालतो, मग युकुलेले का नको?

चतुर्थीला भाची मुंबईहून आली ती पाठीला एक पिटुकलं वाद्य, युकुलेले, अडकवून. आरती झाली, पानं वाढायला अवकाश होता, म्हणून पडवीत बसून तिने ते छेडलं. भजनाला आलेल्या बुवांनी चष्मा वर सरकवत विचारलं, "ह्या काय गो? गिटारीचा पिल्लू?" सगळी पडवी हसली. तीही हसली.

मी हसलो नाही, कारण या पिल्लाचा मी छुपा भक्त आहे. रात्री जेवणं आटोपली की मोबाईलवर 'युकुलेले ऑर्केस्ट्रा ऑफ ग्रेट ब्रिटन' लावून बसतो. जॉर्ज हिंचलिफ आणि किटी लक्स यांनी १९८५ साली लंडनमध्ये तो सुरू केला. तेव्हा युकुलेले म्हणजे तिकडेही चेष्टेचाच विषय. पुरुष काळ्या कोटात, बो लावून, बायका झोकदार गाऊनमध्ये, सगळे एका रांगेत खुर्च्यांवर बसतात आणि हातात प्रत्येकाच्या तेच चार तारांचं वाद्य. मग त्यावर पंक रॉक काय, काऊबॉयच्या सिनेमाचं संगीत काय, बेथोव्हेन काय! एकदा तर खाली हॅन्डेलची रचना चालू आणि वर एकेक जण वेगळंच गाणं चढवतोय. २००९ मध्ये रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्यांचा कार्यक्रम झाला, तेव्हा प्रेक्षकही आपापली युकुलेले घेऊन आले होते. हजारावर लोकांनी मिळून बेथोव्हेन वाजवला.

विनोदी आहेत म्हणून बघायला लागलो, ते खरं. पण बघता बघता कान वेगळ्याच गोष्टीवर गेला. या वाद्याला खर्ज जवळजवळ नाहीच. नेहमीच्या जुळणीत सगळ्यात वरची तार, जी जाड असेल असं आपल्याला वाटतं, तीच उंच सुरात लावलेली असते. त्यामुळे छेडलं की आवाज किणकिणतो, पण एकट्याने मैफल भरत नाही. मग काम वाटून घ्यावं लागतं. एकाने नुसता ठेका धरायचा, एकाने चाल वाजवायची, एकाने मध्ये गप्प राहून नेमक्या जागी दोन सूर टाकायचे. शेजारचा काय वाजवतोय हे ऐकल्याशिवाय यात कुणाचंच भागत नाही.

आणि इथेच मला आमच्या भजनाची आठवण येते. म्हणजे पूर्वीच्या. कोरसवाला बुवाच्या तोंडाकडे बघत बसायचा, झांजवाल्याला मृदंगाचा हात कळायचा. आता? डबलबारीच्या भजनी सामन्यात दोन बुवा, चार माईक, आणि साऊंडवाला भाऊ सगळ्यात मोठा. कोरस काय म्हणतोय ते त्या कोरसलाही ऐकू येत नसेल. (बुवा, ही पोस्ट वाचलीत तर रागावू नका. तुमच्याबद्दल नाही. थोडं तुमच्याबद्दलही आहे.)

"पण हे परकं वाद्य," असं त्या रात्री कुणीतरी म्हणालंच. अहो, आपलं काय आहे? पेटी युरोपातून आली. १९४० मध्ये रेडिओने तिच्यावर बंदी घातली, ती तीसेक वर्षं टिकली. तोवर आमच्या दशावतारात पायपेटी घरची झालेली. बेंजो पार्टीशिवाय आपल्याकडे वरात हलत नाही, तो बेंजो म्हणजे बुलबुलतरंग, आणि त्याचं मूळ जपानी. १९१२ साली नागोयात गोरो मोरिता नावाच्या माणसाने ते वाद्य काढलं. युकुलेले तर आणखी ओळखीच्या वाटेने आलंय. १८७९ मध्ये मदेरा बेटावरचे पोर्तुगीज मजूर आणि सुतार जहाजातून हवाईला उतरले, त्यांच्या छोट्या वाद्यातून ते घडलं. पोर्तुगीज भाषेतूनच घडलेली एक बोली आपल्या रायगडातल्या कोर्लईत आजही बोलतात.

आणि तऱ्हेतऱ्हेचं संगीत एकत्र करण्याचं म्हणाल, तर सिनेमाच्या चालीवर गजर कोण बांधतं? आपणच ना?

एक उणीव मान्य करतो. या वाद्यावर अभंगातली मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, नीट निघत नाही. पण ती पेटीवर तरी कुठे निघते? उलट एक गोष्ट आमच्या हवेला मानवते, या तारा नायलॉनच्या. माझ्या गिटारीच्या तारा दर पावसाळ्यात गंजतात.

दुसऱ्या दिवशी बुवा पुन्हा आले. प्रसादाचं निमित्त. बसता बसता पिल्लाकडे बोट दाखवून म्हणाले, "काळी चारात वाजतला काय ह्या?" भाचीने दांडीच्या पहिल्या पडद्यावर सूर चढवणारा कॅपोचा चिमटा लावला आणि सूर दिला. बुवांनी पेटी पुढे ओढली, काळी चार, म्हणजे चौथी काळी पट्टी, दाबली, मान वाकडी करून ऐकलं.

"मिळता," म्हणाले. "बस हकडे, पण माईक नाय हा."