पस्तीस मिनिटांच्या बैठकीसाठी

सकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी सुटणारे विमान ही कल्पना ज्या कोणाच्या डोक्यातून निघाली असेल, त्याला जानेवारीच्या थंडीत एकदा निगडीहून पुण्याच्या लोहगाव विमानतळापर्यंत स्वतः टॅक्सी शोधून जायला लावावे, एवढीच माझी या क्षणी माफक इच्छा आहे. सहा पाचचे विमान म्हणजे पाच चाळीसला गेट बंद, म्हणजे सुरक्षा तपासणीची रांग हिशेबात धरून साडेचारला विमानतळावर हजर, म्हणजे साडेतीनला घराबाहेर, आणि म्हणजेच पावणेतीनला अंथरुणाबाहेर. पावणेतीनचा गजर लावलेला माणूस झोपतो असे ज्यांना वाटते, त्यांनी तो एकदा लावून पाहावा. एक वाजल्यापासून दर वीस मिनिटांनी तो मोबाइलमध्ये वेळ पाहत असतो. माझी आजी पहाटे उठण्याला पुण्यकर्म मानत असे, पण तिची पहाटसुद्धा चारच्या आधी होत नसे.

हा सगळा उपद्व्याप हॉटेलची एक रात्र वाचवण्यासाठी चालतो. बैठकीच्या आदल्या संध्याकाळी गेलो, तर खोलीचे पाच-सहा हजार रुपये कंपनीच्या खात्यातून जातात. पहाटे गेलो, तर जाते ती माझी झोप, आणि तिची नोंद जगातल्या कोणत्याही खात्यात होत नाही. आमच्या ट्रॅव्हल डेस्कने या प्रकाराला 'सेम-डे रिटर्न' असे गोंडस नाव दिले आहे आणि वर्षअखेरीस त्यातून किती बचत झाली याचा तक्ता सर्वांना ईमेलने पाठवला जातो. त्या तक्त्यात पाहिले, तर माझे नाव पहिल्या तिनांत असते.

गेल्या मंगळवारचीच गोष्ट सांगतो, कारण तिचा राग अजून उतरलेला नाही. आमचा कारखाना चाकणला आहे, आम्ही ब्रेकचे सुटे भाग बनवतो आणि आमचा एक मोठा ग्राहक दिल्लीजवळ मानेसरला आहे. त्यांनी एक लॉट रिजेक्ट केला, आम्ही रीतसर एट-डी रिपोर्ट, म्हणजे दोषाचे कारण आणि उपाय आठ पायऱ्यांत मांडणारा अहवाल, पाठवला, त्यावर दोन वेळा फोनवर सविस्तर बोलणेही झाले. तरीही 'समोरासमोर बसून बोलू' असा निरोप आला. समोरासमोर बसण्यासाठी मी पावणेतीनला उठलो. दिल्लीत धुके होते, म्हणून विमान पाऊण तास आकाशात घिरट्या घालत राहिले. उतरल्यावर धावतपळत टॅक्सी पकडून मी अकराच्या बैठकीसाठी पावणेअकराला मानेसरच्या स्वागतकक्षात जाऊन बसलो, आणि तिथे मला दोन वाजेपर्यंत बसवून ठेवण्यात आले, कारण साहेबांची वरिष्ठांबरोबर दुसरी बैठक चालू होती. दोन वाजता सुरू झालेली आमची बैठक पस्तीस मिनिटे चालली. तीत मी आठ दिवसांपूर्वी पाठवलेलाच रिपोर्ट भिंतीवर मोठा करून दाखवण्यात आला आणि मी तो त्यांना वाचून दाखवला. ज्यांना मराठी वाचता येत नाही त्यांच्यासाठी मी तो मराठीत लिहिला होता, अशातलाही भाग नव्हता.

मानेसरवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ हाच पुढे आमच्या वाकड-बावधनवरून बंगळुरूकडे जातो. या फेरीला आमच्या मालाच्या ट्रकमधून गेलो असतो, तर निदान क्लीनरच्या जागेवर आडवा तरी झालो असतो, असे मला त्या स्वागतकक्षातल्या सोफ्यावर बसून खरोखरच वाटले.

परतीचे विमान रात्री आठ चाळीसचे होते. विमान उशिरा सुटण्याबद्दल माझी मूळ तक्रार नाही. धुके कोणाच्या हातात नसते आणि एकच विमान दिवसभरात पाच-सहा फेऱ्या मारत असते, त्यामुळे सकाळी अडकलेल्या विमानाचा उशीर दुपारच्या शहरातून संध्याकाळच्या शहरात कसा वाहत जातो, हे मला पाठ झाले आहे. दिल्लीची धावपट्टी जेमतेम ५० मीटर दिसत असतानाही विमान उतरवू देते, पण त्यासाठी यंत्रणा, विमान आणि प्रशिक्षित वैमानिक हे तिन्ही एकाच वेळी जुळून यावे लागतात, हेही मला ठाऊक आहे. माझी तक्रार आहे ती हप्त्याहप्त्याने सांगितल्या जाणाऱ्या उशिराबद्दल. आठ चाळीसचे नऊ पंधरा झाले, नऊ पंधराचे नऊ पन्नास झाले, नऊ पन्नासचे दहा पंचवीस झाले, आणि प्रत्येक वेळी 'येणारे विमान उशिरा आल्यामुळे' हेच कारण. ते विमान उशिरा येणार आहे हे, ते जिथून निघाले तिथे निघतानाच कळलेले असते की नाही? मग सातलाच 'दोन-तीन तास लागतील' असे सांगितले असते, तर मी गुरुग्राममध्ये कुठेतरी नीट बसून जेवलो असतो.

दहा पंचवीस हा आकडाही गंमतशीर आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमाप्रमाणे अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा त्याहून अधिक उशीर होणार असेल, तर प्रवाशांना खाणेपिणे द्यावे लागते. आठ चाळीसपासून दहा पंचवीस म्हणजे पावणेदोन तास. दहा पंचवीसला आम्हाला खरोखरच विमानात बसवले गेले, आणि दार लावून ते विमान तासभराहून अधिक वेळ जागच्या जागी उभे राहिले. हा निव्वळ योगायोग असेलही. मात्र वर्षभरात इतक्या वेळा जुळून येणारा योगायोग माझ्या तरी पाहण्यात दुसरा नाही.

त्याआधी मी गेटजवळ १९० रुपयांचा चहा प्यायलो होतो, आणि तोसुद्धा कोमट. कोलकात्याच्या विमानतळावर डिसेंबर २०२४ मध्ये १० रुपयांत चहा देणारे सरकारी उपाहारगृह सुरू झाले, म्हणजे विमानतळावर १० रुपयांत चहा उकळू शकतो हे सिद्ध झाले आहे. माझ्या १९० रुपयांचे पुढे काय होणार, हेही मला माहीत आहे. बिलावर कंपनीचा जीएसटी क्रमांक नाही म्हणून ते परत येईल. आणि त्याबरोबर 'बोर्डिंग पास जोडलेला नाही' असा शेराही येईल, कारण चेहरा दाखवून आत सोडणारी डिजियात्रा २०२२ सालीच सुरू झाली असली, तरी आमच्या लेखा विभागाला माझ्या चेहऱ्यापेक्षा कागदाच्या तुकड्यावर अधिक विश्वास आहे. मी गेलो होतो हे मानेसरच्या स्वागतकक्षाच्या वहीत लिहिलेले आहे, बैठकीच्या इतिवृत्तात आहे, टॅक्सीच्या पावतीवर आहे. पण कागदी बोर्डिंग पास नसेल, तर मी गेलोच नाही.

आणि या सगळ्याला लोक यश म्हणतात! 'तुमची काय बुवा मजा आहे, सारखे विमानात!' असे आमच्या सोसायटीतले काका लिफ्टमध्ये भेटले की न चुकता म्हणतात. २००९ साली मी पहिल्यांदा कंपनीच्या खर्चाने विमानाने गेलो, तेव्हा आईने हातावर दहीसाखर ठेवली होती आणि वडिलांनी दोन नातेवाइकांना मुद्दाम फोन करून सांगितले होते, हे खरे आहे. त्या दिवशी मलाही आपण काहीतरी झालो असे वाटले होते. आता आमचा वॉचमन मला विचारतो, 'साहेब, तुमची नाइट शिफ्ट कुठल्या कंपनीत असते?' माझ्या नोकरीचे त्याच्याइतके अचूक वर्णन अजून कोणी केलेले नाही.

डिसेंबरच्या शेवटी विमान कंपनीकडून फुगे आणि चमचमते तारे असलेला संदेश आला होता : अभिनंदन, आपण यंदा ७४ उड्डाणे केलीत, आपण आमचे सुवर्ण सदस्य आहात! मी कागद घेऊन हिशेब केला. हवेतला वेळ सोडून द्या. रांगा, गेट, बस, सामानाचा पट्टा आणि 'लवकरच' हा शब्द यांच्यात एका उड्डाणामागे सरासरी तीन तास धरले, तर २२२ तास होतात, म्हणजे सव्वानऊ दिवस, अहोरात्र. सुवर्ण सदस्यत्वामुळे मला मिळणारी सवलत अशी, की मी विमानात इतरांच्या आधी जाऊन बसू शकतो. त्या मंगळवारी मी इतरांच्या आधी जाऊन बसलो होतो, त्यामुळे त्या बंद दारामागे मी इतरांपेक्षा दहा मिनिटे अधिक अडकलो.

लोहगावला उतरलो तेव्हा दोन वाजत आले होते. जुलै २०२४ पासून वापरात आलेले नवे टर्मिनल प्रशस्त आहे, छताकडे पाहत राहावे असे आहे. पण विमान उतरते ती धावपट्टी हवाई दलाची जुनीच आहे, आणि त्या तासाला टॅक्सीवाल्याला निगडी सांगितल्यावर त्याचा चेहरा होतो तोही जुनाच आहे. तिसऱ्या टॅक्सीवाल्याने भाडे ठरवून घेतले. सव्वातीनला मी घराचे कुलूप उघडले, म्हणजे पावणेतीनच्या गजरापासून साडेचोवीस तास झाले होते.

दुसऱ्या दिवशी नऊला उठून मी अकरा वीसला चाकणला पोहोचलो, आणि हजेरीच्या यंत्राने माझा अर्धा दिवस कापला. मनुष्यबळ विभागाला फोन केला, तर त्या बाईंनी अत्यंत सौजन्याने सांगितले, की प्रवासाचा दिवस मंगळवार होता, बुधवार नव्हे. तेव्हा बुधवारच्या उशिरासाठी रजेचा अर्ज भरावा लागेल. मी अर्ज उघडला. कारणाच्या रकान्यात तीनच पर्याय होते : आजारपण, कौटुंबिक कारण, वैयक्तिक काम. मी 'वैयक्तिक काम' निवडले, आणि तो अर्ज मंजूर झाल्याचा संदेश येण्याआधीच ट्रॅव्हल डेस्कचा ईमेल आला : शुक्रवार, पुणे ते दिल्ली, सहा वाजून पाच मिनिटे.