चरित्रलेखनाचा दर न ठरवण्याविषयी

यवतमाळ जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यातून, बाजार समितीच्या माजी संचालकाच्या घरून, "भाऊसाहेबाले पंचाहत्तरावं लागलं, एक पुस्तक काढाचं हाय" असा फोन आला, तर पहिल्याच बोलण्यात पैशाचा विषय काढण्याचा असंस्कृतपणा आपण करू नये. ज्या गृहस्थाने लिलावात कापसाचा भाव दहा-दहा रुपयांनी चढताना उभी हयात पाहिली, त्याला भाव ही गोष्ट आपल्या तोंडून ऐकून धक्का बसेल. कापसाला हमीभाव असतो आणि लांब धाग्याला 2025-26 च्या हंगामासाठी तो क्विंटलमागे 8110 रुपये ठरला होता. मजकुराला तसले काही नाही, हे बरेच आहे. कारण हमीभाव आला की ओलावा मोजणे आले, आणि बारा टक्क्यांच्या वर ओलावा गेला की खरेदी केंद्रावर माल परत पाठवतात. भाऊसाहेबांच्या आठवणी त्या यंत्रावर टिकणार नाहीत.

तरीही हिशेब करण्याची खोड जात नसेल, तर तो छापील पानांवर करावा. पानाला अडीचशे-तीनशे शब्द धरले, तर दोनशे पानांचे पुस्तक पन्नास-साठ हजार शब्दांत उरकते, आणि एवढा आकडा काढून थांबण्यातच शहाणपण आहे. छपरीतल्या खाटेवर बसून ध्वनिमुद्रित केलेले एक तासाचे बोलणे, मागे पंखा घरघरत असताना आणि मध्येच कुणी ढोरं सुटल्याची वर्दी देत असताना, शब्दशः उतरवायला मला चार तास लागतात. ते मोजू नयेत. एसटीचे भाडेही मागू नये. नायकाला अर्धे तिकीट लागते आणि पंचाहत्तरी पूर्ण झाली की तेही लागणार नाही, सूनबाईंना 2023 पासून अर्धे लागते, त्यामुळे पूर्ण तिकीट ही काय वस्तू आहे हे त्या घराला आता समजावून सांगावे लागेल. जेवण मिळते. पाटवडीचा रस्सा असेल, तर मी तरी दोन दिवस दराचा विचार केलेला नाही.

आगाऊ रक्कम मागितलीच, तर "पैशाचं काय घेऊन बसले भाऊ, कापूस इकला का देऊन टाकू" हे उत्तर ठरलेले आहे. कोणत्या वर्षीचा कापूस, हे विचारू नये. दसऱ्याच्या सुमाराचा पहिला वेचा मजुरीत जातो, पुढचा वेचा भाव वाढेल म्हणून घरातच गंजीला लागतो.

दुरुस्त्या किती वेळा करून देणार, हे मात्र कधीही ठरवू नये, कारण खरा आनंद तिथेच आहे. पीक संपल्यावर पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडे, उपटावी, त्याच झाडांवर पुन्हा पीक, म्हणजे फरदड, घेऊ नये, नाहीतर गुलाबी बोंडअळीला आयता आसरा मिळतो, असे कृषी विभाग दरवर्षी कळवळून सांगतो. आपण हस्तलिखिताची फरदड खुशाल घ्यावी. तिसऱ्या खर्ड्यानंतर मोठ्या जावयाचा फोटो येतो, पाचव्यात धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, वादात भाऊसाहेबांनी दाखवलेला मोठेपणा येतो, आणि सातव्यात ज्या चुलतभावाशी तो वाद होता तो पुस्तकातून नाहीसा होऊन मोठेपणा तेवढा शिल्लक राहतो.

कराराचा कागद करू नये. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोकरीत नसलेला लेखक सहसा स्वतःच्या मजकुराचा पहिला मालक ठरतो, ते हक्क लेखी दिल्याशिवाय दुसऱ्याकडे जात नाहीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांचीच धरतात, ही माहिती "कागद कायले लागते, तुमी काय परके हा?" या प्रश्नासमोर काढणे बरे दिसत नाही. मुखपृष्ठावर लेखक म्हणून धाकट्या चिरंजिवांचे नाव येईल, आणि आपला उल्लेख आभारांत, मंडपवाल्याच्या आधी, होईल.

दर मग आपोआप ठरतो. प्रकाशनाच्या चौथ्या दिवशी शेजारच्या गावाहून फोन येतो, की भाऊसाहेबांनीच नंबर दिला, भाऊ लिहून देतात आणि काही घेत नाहीत असे म्हणाले, आणि आमच्या बाबाजींनाही येत्या चैत्रात पंचाहत्तरावे लागते.