सेगाची तुलना इथे गैरलागू

'सेगासारखं एक्सबॉक्सनेही हार्डवेअर सोडून फक्त गेम्स विकावेत' हे मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स कन्सोलवरच्या लेखातलं म्हणणं पटलं नाही. सेगा या जपानी गेम कंपनीने २००१ मध्ये ड्रीमकास्ट हा आपला कन्सोल गुंडाळला तो तोट्यात गेल्यामुळे. मायक्रोसॉफ्टकडे पैशाला तोटा नाही. खरी गोची वेगळीच आहे. मायक्रोसॉफ्टचाच 'सी ऑफ थीव्ज' हा गेम २०२४ पासून सोनीच्या प्लेस्टेशन ५ वरही मिळतो, मग एक्सबॉक्सचा डबा कोणी का घ्यावा? असूस कंपनीबरोबर काढलेला हँडहेल्ड, म्हणजे हातात धरून खेळायचा एक्सबॉक्स, दिसायला झकास, पण आत विंडोज. कन्सोलवर विकत घेतलेल्या ज्या गेमची पीसी आवृत्तीच नाही, तो त्यावर थेट चालत नाही, बसा इंटरनेटवरून स्ट्रीम करत! डिस्कवर गेम घेतलेल्यांचं तर विचारूच नका. पुढच्या कन्सोलवर आधी घेतलेल्या गेम्सची लायब्ररी जशीच्या तशी चालणार असेल तरच खिशात हात घालीन. नुसता महागडा पीसीच द्यायचा असेल, तर तो मी घरी जोडतो की.