एप्रिलमधल्या मंगळवारची बाजू: एका प्रतिक्रियेला उत्तर

अनामितजी, नमस्कार.

सिअ‍ॅटलच्या मरिनर्स या बेसबॉल संघाच्या २०२५ च्या मोसमावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही दिलेली सणसणीत प्रतिक्रिया वाचली. उत्तर तिथल्या चौकटीत मावेना, म्हणून वेगळं लिहितोय. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं की, चोवीस वर्षांनी सिअ‍ॅटलने गट जिंकला, वर्ल्ड सीरिजच्या, म्हणजे अंतिम मालिकेच्या, उंबरठ्यापर्यंत धडक मारली, आणि मी मात्र एप्रिल-मेमधल्या किरकोळ पराभवांची उणीदुणी काढत बसलो. खरा चाहता आपल्याच संघाला टोमणे मारत नाही. टोरांटोविरुद्धच्या उपांत्य मालिकेतल्या निर्णायक सातव्या सामन्याबद्दल लिहिलं ते निकालानंतरचं शहाणपण. आणि जाता जाता आहेर असा की, क्रिकेटवर वाढलेल्यांनी बेसबॉलच्या वाटेला जाऊच नये.

आहेर शेवटी उघडू. आधी एप्रिल.

मोसमातल्या १६२ सामन्यांतला एखादा हरला तर काय बिघडतं, असं तुम्ही विचारता. दुसऱ्या कुठल्या संघाच्या चाहत्याने विचारलं असतं तर मीही मान डोलावली असती. पण आपण सिअ‍ॅटलचे! २०२३ मध्ये आपण ८८ जिंकलो आणि शेवटचं वाइल्ड कार्ड (गट न जिंकताही प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, मिळणारी जागा) ८९ वाल्या टोरांटोने नेलं. २०२४ मध्ये आपण ८५ वर थांबलो, कॅन्सस सिटी आणि डेट्रॉइट ८६ वर आत गेले. त्या वर्षी तर जूनमध्ये गटात दहा सामन्यांची आघाडी होती. ती जुलै संपायच्या आत उडाली आणि ऑगस्टमध्ये मॅनेजर स्कॉट सर्व्हिसची नोकरी गेली. लागोपाठ दोन वर्षं एकेका सामन्याने हुकल्यावर 'एका सामन्याने काय होतं' हा प्रश्न आपल्या गावात तरी विचारू नये.

असं हुकलं की सगळे सप्टेंबरला झोडपतात, कारण तेव्हा सगळ्यांचं लक्ष असतं. गुणतक्त्याला मात्र महिना कळत नाही. एप्रिलमधला एखादा मंगळवार आठवा. अर्धं स्टेडियम रिकामं. छत ओढलेलं, पण बाजू उघड्याच असल्यामुळे गारठा आत येतोच. शेजारचा माणूस चिली-लाइमचं मीठ लावलेले भाजलेले टोळ खातोय (आपल्याकडे खरंच मिळतात, नवख्यांनी दचकू नये), मी घरून आणलेला चिवडा. बेसवर गडी आहेत, आउट एकच झालाय, आणि पुढचे दोघे बॅट खांद्यावरून न काढताच परत येतात. समालोचक म्हणतो, अजून खूप मोसम बाकी आहे. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ते कानावर पडलं की मला थेट ऑक्टोबर दिसतो, आपल्याविना चाललेला. म्हणून मी एप्रिलपासूनच कुरकुरतो. सप्टेंबरात कुरकुरायला सगळं शहर असतं.

आणि २०२५? टोरांटोने ९४ जिंकले, आपण ९०, म्हणून सातवा सामना त्यांच्या घरी झाला. आता तुम्ही म्हणाल, घरी खेळून तरी काय दिवे लावले असते, त्याच मालिकेत घरच्या तीनपैकी दोन हरलोच की, १३-४ आणि ८-२. म्हणा. मला त्यावर उत्तर नाही, फक्त राग आहे.

एकाने हुकायचा हा शाप किती खोल आहे बघा. आपला जुना खेळाडू इचिरो सुझुकी २०२५ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या मानकऱ्यांत, गेला. ३९४ पैकी ३९३ मतं. आपल्या संघातल्या सर्वांत निर्दोष माणसालाही एकच मत कमी पडावं! त्याने त्या एका मतदाराला घरी येऊन एक पेग घेण्याचं आमंत्रण दिलं म्हणे. माझ्याच्याने एवढं झालं नसतं.

आता टोमण्यांबद्दल. माझे टोमणे कुणाला असतात ते एकदा नीट बघा. खेळाडूंना क्वचितच. ते असतात वरच्या मजल्यावरच्या लोकांना. २०२३ चा मोसम संपल्यावर दोनच दिवसांनी संघाचे सर्वेसर्वा जेरी डिपोटो पत्रकारांसमोर बसले आणि दहा वर्षांचा हिशेब धरून ५४ टक्के सामने जिंकत राहण्याचं तत्त्वज्ञान त्यांनी ऐकवलं. दरवर्षी वर्ल्ड सीरिजच्या मागे धावणारे संघ चिखलात रुततात, आम्ही धीर धरायला सांगतोय म्हणजे चाहत्यांवर उपकारच करतोय, असा एकूण सूर. आता गंमत अशी की त्याच वर्षी आपण १६२ पैकी ८८ जिंकलो होतो. भागाकार करा, ५४.३ टक्के येतात. साहेबांचं उद्दिष्ट दशांशासकट पूर्ण, आणि आपण घरी. यावर ज्याला टोमणा सुचत नाही त्याची निष्ठा थोर असेल, पण विनोदबुद्धी तपासून घ्यावी.

'कौतुक नाही' हे मात्र मान्य नाही. कॅल रॉलीवर मी पानंच्या पानं लिहिली आहेत. कॅचरने, म्हणजे आपला यष्टिरक्षकच समजा, मोसमात ६० होमरन, म्हणजे षटकार, मारायचे! रात्रभर गुडघे मोडून बसायचं, अंगावर चेंडू झेलायचे आणि मधेच उठून एक चेंडू गॅलरीत पाठवायचा. कॅचरचा आधीचा विक्रम ४८ चा होता. २४ सप्टेंबरला त्याने ५९ वा आणि ६० वा मारला आणि त्याच रात्री गटही जिंकला. जॉश नेलर घ्या. पळण्यात लीगमधल्या सर्वांत संथ मंडळींपैकी एक, आणि आपल्याकडे आल्यापासून त्याने १९ बेस चोरले (फटका न लागताच पुढचा बेस पळून गाठला), एकदाही न सापडता. पायांत वेग नाही, सगळा डोळ्यांत. पिचरचं (गोलंदाजाचं) लक्ष कुठे आहे ते बघत हा गुपचूप पावलं सरकवत राहतो, आणि कॅचर चेंडू फेकेपर्यंत पोचलेला असतो. लिओ रिवासने अठ्ठाविसाव्या वाढदिवसाला डेट्रॉइटविरुद्ध बरोबरीचा फटका मारला, तो सामना पंधराव्या इनिंगमध्ये आपल्याच पोलांकोने संपवला. त्या रात्री घसा माझाही बसला होता.

सप्टेंबरात एका चाहत्याने वैतागून एट्सी या ऑनलाइन बाजारावरून चक्क एक चेटकीण ठरवली आणि संघ सलग दहा सामने जिंकला, त्यावर मी हसलो हे तुम्हाला खटकलं. अहो, २००१ मध्ये ११६ सामने जिंकल्यानंतर हा संघ २०२२ पर्यंत प्लेऑफमध्ये दिसला नव्हता. वीस वर्षं सप्टेंबरात बाप्पाबरोबर आपलंही विसर्जन, आणि तेच 'पुढच्या वर्षी लवकर या'. अशा लोकांनी नवस बोलले, अंगारे-धुपारे केले, तर मी हसेन, पण त्यांच्यातच उभा राहून.

आता सातवा सामना. २० ऑक्टोबर, म्हणजे इथे ऐन लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ. पूजा उरकली होती, टीव्हीसमोर फराळाची ताटं. सातव्या इनिंगमध्ये आपण ३-१ ने पुढे. एक आउट झालेला, टोरांटोचे दोन गडी बेसवर, वर्ल्ड सीरिज आठ आउटवर. समोर टोरांटोचा जॉर्ज स्प्रिंगर. मी लिहिलं की त्या क्षणी चेंडू आपल्या सगळ्यांत भरवशाच्या पिचरच्या, आंद्रेस मुन्योझच्या, हातात हवा होता, एदुआर्द बाझार्दोच्या नाही. तुम्ही म्हणता हे निकालानंतरचं शहाणपण. तर आमच्या घरातल्या पाहुण्यांना विचारा, बाझार्दो मैदानावर येताना मी काय ओरडलो ते. लहान मुलं होती, इथे लिहीत नाही.

बाझार्दो वाईट नाही. वर्षभर त्याने ढोरमेहनत केली. पण सगळ्यांत भरवशाचा पिचर नवव्या इनिंगसाठी राखून ठेवायचा हा रिवाज आहे, आणि रिवाजाला नववी इनिंग येणारच असं वाटतं. मोसमाचा सगळ्यांत अवघड प्रसंग सातव्यात आला तर सगळ्यांत चांगला माणूस सातव्यात आणायचा. मुन्योझलाही स्प्रिंगरने मारला असता? कदाचित. तेव्हा मी स्प्रिंगरला नमस्कार करून झोपलो असतो. आता बाझार्दोला स्प्रिंगरने होमरन मारला, सामना ४-३ ने गेला, आणि तीसपैकी वर्ल्ड सीरिज कधीच न खेळलेला एकमेव संघ हे बिरुद आपल्याकडेच राहिलं.

राहिला आहेर. क्रिकेटवर वाढलो, हे खरं. पण हातातोंडाशी आलेला घास जाताना बघायचं शिक्षण मला तिथेच मिळालं, आणि सिअ‍ॅटलमध्ये ते जसंच्या तसं उपयोगी पडलं. पॉइंट्स टेबल, नेट रन रेट, 'हा हरला आणि तो जिंकला तर आपण आत' हे गणित आपल्याला शाळेतच येतं. वाइल्ड कार्डची शर्यत समजायला मला एक संध्याकाळ पुरली.

बाकी नेलरबरोबर पाच वर्षांचा करार झाल्याचं वाचलंत ना? वरच्या मजल्यावरून इतकी समंजस बातमी क्वचित येते, म्हणून त्यावरचा लेख कौतुकाचाच लिहायला घेतलाय. तो तुमच्यासाठी. मार्चअखेरीस खेळ सुरू झाला की मात्र माझी कुरकुर पुन्हा पहिल्या सामन्यापासून. प्रतिक्रिया देत राहा, नावानिशी दिलीत तर स्टेडियमात चिवडा माझ्याकडून.