'बेजबाबदारपणा' या शब्दाविषयी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

16 नोडांच्या क्लस्टरला (एकत्र काम करणाऱ्या 16 संगणकांच्या संचाला) अ‍ॅन्सिबल या संगणक-व्यवस्थापनाच्या साधनाची गरज नाही, पीडीएसएच आणि शेल स्क्रिप्टा पुरतात, या माझ्या लेखावर आपण टोपणनावाने लिहिलेली प्रतिक्रिया वाचली. आपले म्हणणे असे की, अ‍ॅन्सिबल 2013 साली आले हे चूक आहे. आदेश पाठवतेवेळी जो नोड बंद असेल तो पीडीएसएचच्या (एकच आदेश अनेक नोडांवर एकदम धाडणाऱ्या साधनाच्या) पद्धतीत मागे राहतो, याबद्दल लेखात अवाक्षर नाही. आणि शेल स्क्रिप्टांवर, म्हणजे आदेश लिहून ठेवलेल्या साध्या फाइलींवर, क्लस्टर चालवणे 'हा निव्वळ बेजबाबदारपणा' आहे.

सालाची चूक मान्य. अ‍ॅन्सिबल 2012 मध्ये आले. लेखात दुरुस्ती केली आहे, आभार.

'बेजबाबदारपणा' हा शब्द मात्र असाच सोडून देता येत नाही. पीडीएसएच हे कुणी फावल्या वेळात केलेले खेळणे नव्हे. ज्या स्लर्मवर आपणही बहुधा कामे रांगेत लावत असाल, ते अमेरिकेतील ज्या लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेत जन्मले, तिथेच पीडीएसएचही घडले. वेगळे काही न सांगता ते एका वेळी 32 नोडांवर आदेश धाडते. अ‍ॅन्सिबल तसेच वापरले तर एका वेळी 5 नोड हाताळते. आलेली उत्तरे पीडीएसएचसोबतच्या डीएसएचबॅकमधून -c पर्याय देऊन काढली की एकसारखे उत्तर देणारे नोड एका गटात जमतात आणि वेगळे बोलणारा नोड आपोआप उघडा पडतो. हे सारे समजून वापरणाऱ्याला बेजबाबदार म्हणणे याला टीका म्हणत नाहीत, शेरा म्हणतात. आणि शेरा मारायला एकही नोड उभा करावा लागत नाही.

मी 2009 पासून नाशकात हेच काम करतो आहे. 4 ऑगस्ट 2019 रोजी गोदावरीला पूर येऊन नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती बुडाली, त्या रात्री सातपूरच्या एका कारखान्यातील आमच्या क्लस्टरची वीज गेली आणि पाठोपाठ यूपीएसनेही मान टाकली. पंचवटीतून लांबचा वळसा घालून, भिजत मी तिथे पोहोचलो आणि वीज आल्यावर सकाळपर्यंत 15 नोड माझ्याच स्क्रिप्टने कामाला लावले. सोळावा तेवढा स्लर्मच्या नियंत्रकाशी जुळत नव्हता. आठवड्यापूर्वी मेमरी बदलण्यासाठी तो बंद ठेवला होता आणि त्याच दिवशी सगळीकडे पाठवलेली स्लर्मची नवी कॉन्फिग फाइल त्याच्यापर्यंत गेलीच नव्हती. शोधायला पाऊण तास लागला, दुरुस्तीला दोन मिनिटे. सांगायचे एवढेच की, त्या रात्री तिथे कुणाची प्लेबुक (अ‍ॅन्सिबलची सूचनांची फाइल) आली नव्हती, मी गेलो होतो. बेजबाबदार माणूस घरी झोपला असता.

राहिला बंद नोडाचा मुद्दा. बंद नोड अ‍ॅन्सिबललाही सापडत नाही. 'अनरीचेबल' अशी नोंद करून तेही पुढे जाते. प्लेबुक पुन्हा चालवता येते, असे आपण म्हणाल. माझी स्क्रिप्टही पुन्हा चालवता येते. फक्त पुन्हा चालवताना तीच ओळ फाइलीत दोनदा जाणार नाही, याची काळजी मला स्वतः घ्यावी लागते, इतकेच. त्यावर इथे अधिक वेळ घालवत नाही.

पुढची प्रतिक्रिया स्वतःच्या नावाने लिहावी आणि आपण स्वतः किती नोड सांभाळता तेही कळवावे, म्हणजे बरोबरीने बोलता येईल. लेखातले साल बदलले आहे. बाकी मजकूर आहे तसाच राहील.