खिडकी डब्लिनची, शिक्का अमेरिकेचा

आयर्लंडच्या डब्लिन विमानतळावर अमेरिकेला जाणाऱ्या विमानात चढण्याआधीच अमेरिकेचे इमिग्रेशन आणि कस्टम्स उरकून घेतात. काही वर्षांपूर्वी आईला घेऊन बॉस्टनला निघालो होतो. खिडकीतल्या अमेरिकन अधिकाऱ्याने पडद्यावर आमच्याच बॅगेचा फोटो दाखवून आत खाण्याचे काय आहे असे विचारले, आणि गोडा मसाला म्हणजे काय हे इंग्रजीत सांगताना माझी पुरती भंबेरी उडाली. आई पनवेलची. नवी मुंबई विमानतळावर भूमिपुत्रांना नोकऱ्या हव्यात, हा वाद तिच्या अंगणातला. तिने मला हळूच विचारले, "विमानतळ यांचा, मग खिडकीत बाहेरचा माणूस कसा रे?"

प्रश्न रास्त आहे, पण या खिडकीला तो लागू होत नाही. ज्यांच्या जमिनी विमानतळात गेल्या, त्यांचा तिथल्या नोकऱ्यांवर हक्क आहेच. अमेरिकेत कोणाला येऊ द्यायचे हे मात्र अमेरिकेला जबाबदार असलेल्या माणसानेच ठरवावे, कारण तिथे आयरिश अधिकारी बसवला तर चुकीच्या नकाराचा जाब कोणाला विचारायचा हेच कळणार नाही, शिवाय गावातला माणूस खिडकीत असला की ओळखीपाळखीचे काय होते हे आपल्याला कोणी शिकवायला नको. मुंबईच्या अमेरिकन वकिलातीतही कामाला स्थानिक माणसे असतात, पण व्हिसाचा निर्णय अमेरिकन अधिकारीच देतो.

मला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची: खिडकीतल्या परक्या अधिकाऱ्याला अधिकार किती द्यायचे याची. डब्लिनची ती जागा कायद्याने आयर्लंडचीच आहे आणि अटक करण्याचा अधिकार गार्डांकडे, म्हणजे आयरिश पोलिसांकडेच आहे. म्हणूनच जानेवारी 2017 मध्ये ट्रम्प यांनी काही मुस्लिमबहुल देशांच्या नागरिकांना प्रवेशबंदी केली, तेव्हा आयर्लंडचे पंतप्रधान एंडा केनी यांना या व्यवस्थेचा फेरविचार करण्याचे आदेश देता आले. कॅनडात ही पद्धत 1952 पासून, टोरोंटोपासून रूढ आहे, आणि तिथे पूर्वी प्रवासी "मला जायचेच नाही" म्हणून सरळ माघारी फिरू शकत असे. 2019 मध्ये लागू झालेल्या नव्या कायद्याने मात्र परत फिरणाऱ्यालाही थांबवून कारण विचारण्याची मुभा अमेरिकन अधिकाऱ्यांना दिली.

उद्या अशी खिडकी नवी मुंबईत आली, तर खुर्चीत मराठी माणूस हवा म्हणून मी भांडणार नाही. रांगेत मराठी समजणारे कर्मचारी, दाराशी आपले पोलीस आणि विनाचौकशी माघारी फिरण्याचा हक्क, एवढे मात्र करारात लिहून घ्यावे.