बारा वाजून दहा मिनिटं

पोरांना शास्त्राचे प्रश्न जानेवारीत पडले असते तर काय बिघडलं असतं? नागपुरात ते पडतात मेच्या शेवटच्या आठवड्यात, कूलरच्या टाकीत पाणी भरून माणूस नुकताच आडवा होतो तेव्हा. ‘काका, उन्हाळ्यात सूर्य जवळ येते काय?’

नाही येत. जवळ असतो तो जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, 14 कोटी 71 लाख किलोमीटरवर, आपण स्वेटर घालून तर्री-पोहे खात असतो तेव्हा. जुलैच्या सुरुवातीला तो 15 कोटी 21 लाखांवर जातो. म्हणजे 50 लाखांचा फरक, आणि तोही उलटा! काकांना ऊन लागलं, असं पोरांच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचता येतं.

मग बॅटरी काढायची. अंधाऱ्या खोलीत फरशीवर सरळ वरून प्रकाश पाडला की डाग लहान, लख्ख. तिरपा पाडला की तोच पसरट आणि फिका. डिसेंबरअखेर भर दुपारीही नागपूरचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम 45 अंश चढतो, तेवढंच ऊन 1.4 पट जागेत वाटलं जातं. मेअखेर तो थेट डोक्यावर. इथे थांबलो तर वाचलो. पण ‘डोक्यावर म्हणजे अगदी डोक्यावर?’ हे येतंच, आणि गच्ची चढावी लागते.

नागपूर विषुववृत्ताच्या 21.15 अंश उत्तरेला. 26 मेच्या आसपास सूर्याची क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासून तो किती अंश उत्तरेला ते, हीही तेवढीच होते, म्हणून शून्य सावली: उभ्या वस्तूची सावली तिच्याच बुडाखाली. (झीरो माइलच्या दगडाशी हिचा संबंध नाही.) पण ती ठोक बाराला नसते. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं आणि आपण 79च्या जरा पुढे, त्यामुळे साडेतेरा मिनिटं उशीर. त्यातून मेअखेर सूर्य तीनेक मिनिटं लवकर येतो, ती वजा. बारा दहा. ही वेळ नागपुरात चपलेशिवाय गच्चीवर उभं राहण्याची नव्हे, आणि एकाची चप्पल खालीच राहिलेली असते.

गच्चीवर पाट ठेवून त्यावर 30 सेंटीमीटरचा पाइप उभा करायचा. करतो, तरी तीन मिलिमीटर सावली उरतेच! ‘शून्य कुठे आहे, काका?’ दोष सूर्याचा नाही, गवंड्याचाही नाही. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून स्लॅबला शंभरास एक ढाळ दिलेला असतो, त्यामुळे पाइप तेवढाच कलतो. सावलीचं टोक इमानेइतबारे पाणी जायच्या भोकाकडे बोट दाखवतं. उपाय म्हणजे पाटाखाली पुठ्ठ्याचे तुकडे सारून, पाणसळीचा बुडबुडा मधोमध आणून, पाइप ओळंब्याला लावणे. ते जमेपर्यंत बारा चौदा होतात, आणि चार मिनिटांत सावली पाच मिलिमीटर पूर्वेला सरकलेली असते. तारीख एखाद्या दिवसाने चुकली तर मात्र बिनघोर राहा, जेमतेम मिलिमीटरभर फरक पडतो.

त्यानंतर सात आठवडे दुपारची सावली दक्षिणेला पडते. ही खरी मजा, पण ती बघायला कोणी वर येत नाही.

दुसरी संधी 17 जुलैच्या आसपास, साधारण बारा वीसला. सूर्य पुन्हा तसाच डोक्यावर, पण जमीन ओली आणि आभाळ भरलेलं, म्हणून मेसारखी भाजणी नाही. पाट सपाट, पाइप ताठ, सगळ्यांच्या पायात चपला. वर काळा ढग. सावलीचा पत्ता नाही, कारण उन्हाचाच पत्ता नाही.

‘झाली ना काका शून्य!’ म्हणत पोट्टे खाली पळतात.